सावळदांड्याचं विरजण

हर्षद घरत जेवायला बसला की तिघं जण लिहायला बसत.

ताटात काय आलं ते एक जण लिही, किती खाल्लं ते दुसरा, आणि कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी तो जेवताना काय बोलला ते लिही. बोलण्याचा पोटाशी काय संबंध, हे तिलाही ठाऊक नव्हतं. नियमात होतं म्हणून ती लिहीत होती.

"लिही, मीठ कमी हाय," हर्षद म्हणाला. "तीन वर्षं कमी हाय."

"काका, मिठानं..."

"म्हायत हाय गो. माझ्या पोटातल्या मंडळींना सोसत नाय."

ताटात लाल भात होता, बांधाच्या आतल्या तळ्यातला जिताडा होता, बांधावरची भाजी होती. एवढंच. बाहेरून आलेला सुका बोंबील नाही, चहा नाही, डोकं दुखलं तरी गोळी नाही. त्याची मुलगी ओवी समोर बसली होती, आठव्या महिन्याचं पोट सावरत. पनवेलहून आणलेला डबा तिने बाहेर ठेवला होता, कारण वासाने त्याचा जीव खालीवर होई. त्या डब्यात बटाटेवडे होते.

"एक वास घेऊ दे," तो म्हणाला.

"बाबा, हेही लिहितील."

"लिहू देत. म्हातारा वासावर गेला, असं लिहितील."

०

त्या काळात महाराष्ट्रात शेतजमीन भरपूर होती. माती नव्हती.

म्हणजे डोळ्यांना दिसे ती होतीच. पण मुठीत घेतली की पिठासारखी सांडे, पाणी ओतलं की वरून वाहून जाई. खतं, औषधं आणि लागोपाठचे दुष्काळ यांनी तिच्यातलं सगळं जिवंत मारून टाकलं होतं. धान्य आता शेडमध्ये पिकत होतं, एकावर एक रचलेल्या मांडण्यांवर, खतं विरघळवलेल्या पाण्यात. ओवी तशाच एका शेडमध्ये पर्यवेक्षक होती. तिथे आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत, देवळासारख्या. चुकून मातीचा कण आत जाऊ नये म्हणून. शेडमधल्या धान्याने पोट भरत होतं. पण शेडला वीज लागे, आणि ज्या वर्षी वीज कमी पडे त्या वर्षी भातही कमी पडे.

म्हणून सावळदांड्याचा प्रयोग.

सावळदांडा हे खारेपाटातलं तीनशे वर्षांचं शिलोत्र. खाडीला मातीचा बांध घालून गावकऱ्यांनी समुद्राकडून ओढून घेतलेली आणि सगळ्यांनी मिळून राखलेली भातजमीन. बांधात ठिकठिकाणी लाकडी दारं असत, त्यांना उघाडी म्हणत. ओहोटीला ती उघडून पावसाचं पाणी बाहेर जाई, भरतीला खाऱ्या पाण्याच्या रेट्याने आपोआप बंद होत. चाळीस वर्षांपूर्वी समुद्र या बांधावरून आत आला आणि परत गेलाच नाही. बाराशे कुटुंबं डोंगरापलीकडच्या वसाहतीत नेली गेली.

आता जमीन अर्धी-अर्धी वाटली होती. बाहेरचा अर्धा भाग समुद्राला देऊन टाकला होता. तिथे कांदळवन लावलं, ते लाटा अंगावर घेई. बगळे आले, खेकडे आले, एकदा कोल्हाही दिसला. आतल्या अर्ध्या भागाला नवा बांध घातला. दोन पावसाळे पडू देऊन मीठ धुऊन काढलं. बियाणं-संग्रहातून राता आणला, खाऱ्या जमिनीत येणारा जुना लाल तांदूळ. पेरला.

वीतभर वाढला आणि मेला.

०

"दूध आहे," प्रयोगाची शास्त्रज्ञ डॉ. शमिका केळुसकर त्या वेळी म्हणाली होती. "स्वच्छ भांडं आहे. ऊबही आहे. रात्रभर ठेवलंत, तर सकाळी काय मिळेल?"

"नासलेलं दूध," हर्षद म्हणाला. तेव्हा तो नव्या बांधाचा राखणदार होता, बाकी कोणी नाही.

"आणि दही कधी मिळेल?"

"विरजण लावलं तर. पण तुम्ही दह्याचं नाय विचारत, मॅडम."

ती मातीचंच विचारत होती. जिवंत मातीच्या एका चमच्यात जिवाणूंच्या हजारो जाती असतात. एक हवेतला नत्र धरून ठेवते, दुसरी मुळांभोवती मिठाला अडवते, तिसरी पहिल्या दोघींची घाण खाते. प्रत्येक जमिनीची ही वस्ती वेगळी. शमिका तिला सहवस्ती म्हणत असे. यादी करून एकेक जात आणून टाकली तर सहवस्ती होत नाही, जशी माणसं गोळा केली म्हणून गाव होत नाही. ती आधीच्या सहवस्तीतूनच लागते. आणि सावळदांड्याची सहवस्ती चाळीस वर्षं समुद्राखाली बुडून संपली होती.

"मग कशाला दमताय," हर्षद म्हणाला. तो वाकला, खाचरातली चिमूटभर माती उचलली आणि

०

घरतांच्या घराकडे एक काम होतं: माती चाखणं. मीठ पुरेसं उतरलं की नाही, पेरायचं की अजून एक पाऊस थांबायचं, हे गाव त्या घराला विचारी. त्यासाठी जीभ लहानपणापासून तयार करत. पाचवीच्या दिवशी, सटवाईची पूजा झाली की, घरतांच्या बाळाच्या जिभेवर तांदळाएवढा मातीचा कण ठेवत. त्याला कोणी औषध म्हणत नव्हतं, संस्कारही म्हणत नव्हतं. ओळख करून देणं म्हणत.

०

जिभेवर ठेवली. डोळे मिटले. "अजून एक पाऊस," तो म्हणाला.

शमिकाच्या हातातल्या यंत्रावरचा आकडा तेच सांगत होता. तिने यंत्र खाली ठेवलं आणि बराच वेळ त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काका, मला तुमचं रक्त हवंय. थुंकी हवीय. आणि..."

"रक्त घ्या, थुंकी घ्या. पण त्या तिसऱ्या गोष्टीची डबी हातात घेऊन मी गावातून नाय चालणार."

चालला. आणि त्या डबीत सावळदांड्याची सगळी सहवस्ती होती, चार हजारांवर जाती, एकमेकींच्या त्याच प्रमाणात. पाचव्या दिवशी रिकाम्या पोटात शिरलेली माती साठ वर्षं तिथे संसार करत होती. अशी ओळख झालेला घरत आता तो एकटाच उरला होता.

त्यापासून केलेलं द्रावण खाचराच्या पाण्यात सोडलं. त्या वर्षी राता गुडघ्याएवढा झाला, दुसऱ्या वर्षी कमरेएवढा. लोंब्या धरल्या. वसाहतीतून माणसं बसने बघायला आली. एक बाई बांधावर बसून नुसती रडत राहिली. तिला घरी न्यायला दोघांना यावं लागलं.

सहवस्ती काचेत वाढवून पाहिली, तर आठवड्यात दांडग्या जाती दुबळ्यांना खाऊन टाकत. गोठवली, तर तिसरा हिस्सा उठत नसे. अकरा माणसांनी स्वेच्छेने ती पोटात घेतली. अकराही जणांच्या पोटांनी महिन्याभरात ती हाकलली, कारण मोठ्या माणसाच्या पोटात आधीच गर्दी असते. आणि खाचरात ती एकदा लागली म्हणजे झालं, असंही नव्हतं. उधाणाला खारं पाणी बांधातून झिरपे, सहवस्ती कोमेजे, पुन्हा द्रावण सोडावं लागे. अजून सात वर्षं तरी, शमिकाचा हिशोब होता. मग माती स्वतःच्या पायावर उभी राहील.

सरकारी कागदात हर्षदला वाहक म्हणत. गावात चालती बरणी म्हणत. या दुसऱ्या नावाचा त्याला राग नव्हता.

०

कालवाचा शिंपला पायात घुसला तेव्हा तो उघाडीचा गाळ काढत होता. त्याने कोणाला सांगितलं नाही. गाळात काम करणारे पूर्वी जे करत तेच त्याने केलं: जखमेवर खाचरातली ओली माती थापली आणि वरून फडकं बांधलं. ही माती आपली आहे, आपल्या आतही हीच आहे, ती आपल्याला काय करणार, असा त्याचा हिशोब.

पण मातीत सगळेच राहतात.

पाचव्या दिवशी जेवताना तो काहीच बोलला नाही. लिहिणाऱ्या मुलीने कागद कोरा ठेवला, मग उठून त्याच्या कपाळाला हात लावला आणि धावत सुटली.

०

"प्रतिजैविक दिलं तर?" ओवीने विचारलं. प्रयोगाच्या छोट्या दवाखान्यात, पडद्याअलीकडे. पडद्यापलीकडे हर्षद होता, पाय गुडघ्यापर्यंत लाल, तापाने डोळे चकाकलेले.

"तर चार दिवसांत ते बरे होतील," शमिका म्हणाली.

"मग द्या ना."

"सहवस्ती जाईल. पायाला वेगळं आणि पोटाला वेगळं असं औषध नसतं. शिरेतून दिलं तरी ते पोटात पोचतं."

"आणि नाही दिलं तर?"

"आठवडा. कदाचित थोडा कमी."

"मग तुम्ही थांबलात कशाला?" ओवीचा आवाज चढला नाही. शेडमध्ये कामगाराने झडप उघडी टाकली की ती याच आवाजात विचारी.

"मी नाही थांबले. दोनदा सुई भरली. ते नको म्हणतात. शुद्धीत आहेत, ओवी. मी जबरदस्ती करू शकत नाही." शमिकाच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "त्यांना वाटतं, प्रयोग वाचावा म्हणून मलाही तेच हवंय. मी तर उलटं सांगतेय."

"दुसरं कोणी नाही? इतक्या मोठ्या जगात एक पोट नाही?"

"रिकामं पोट लागतं. ज्यात अजून कोणी राहायला आलेलं नाही असं. आणि तसं फक्त..."

शमिका थांबली, पण वाक्य आपोआप पूर्ण झालं. ओवीने दोन्ही हात पोटावर ठेवले. कोणी बघत असताना झाकावं तसे.

"हे बाबांना सांगायचं नाही," ती म्हणाली.

पडद्यापलीकडून खोकल्याचा आवाज आला.

"मना म्हायत हाय," हर्षद म्हणाला. "पाचवीला काय करतात ते मना नाय म्हायत तर कोणाला?"

०

"तू मला नाही दिलीस माती," ओवी म्हणाली. ती त्याच्या खाटेशी बसली होती.

"नाय दिली."

"आजी भांडली होती तुझ्याशी. आई सांगायची."

"महिनाभर बोलली नाय. मी म्हणालो, बांध बुडाला, शिलोत्र गेलं, आता कोणाशी ओळख करून द्यायची? पोर मोकळी राहू दे. जाऊ दे जिकडं जायचं तिकडं."

"मग आता?"

त्याने खिडकीकडे बोट दाखवलं. "तू बघितलीस का गो, त्या मागच्या पट्ट्यातली लोंबी? अजून हिरवी हाय. दाबली तर दूध येतं."

"बाबा."

"चाळीस वर्षं मी वसाहतीत नळाच्या लायनीत उभा होतो. त्याआधी एकवीस वर्षं माणूस होतो. मग या तीन वर्षांत परत." त्याला दम लागला. "मी मेलो तर मेलो. पण औषध घेऊन जगायचं आणि खिडकीतून ते पिवळं पडताना बघायचं, ते नाय जमणार."

"म्हणजे मी हो म्हणाले तरच तू औषध घेणार."

"मी असं नाय म्हणालो."

"नाही म्हणालास. पण तसंच आहे ना?"

आयुष्यात हर्षदने मुलीकडे कधी काही मागितलं नव्हतं. आत्ताही मागितलं नव्हतं. ओवीला वाटलं, मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

०

ओवीला सदतिसावा आठवडा लागला होता. कळा आणण्याचं औषध देता येत होतं. बाळ जन्मलं की पहिल्या तासात सहवस्तीचा थेंब. तो पोटात बसलाय की नाही हे दुसऱ्या दिवशी कळेल. तिसऱ्या दिवशी हर्षदला सुई. पाय जाईल, जीव राहील. शमिकाने हे सगळं एका श्वासात सांगितलं आणि मग, न विचारता, पुढचंही सांगितलं: बाळाला प्रतिजैविक नाही. बांधाच्या आतलं पाणी, आतलं धान्य. आई तेच खाईल, कारण दूध आईचं. सात वर्षं.

"आणि ताप आला तर?"

"साधा ताप आपोआप जातो."

"साधा नसला तर?"

"तर विचारावं लागेल."

"कोणाला? मला?"

शमिकाने खिडकीबाहेर बघितलं. कांदळवनावर बगळे उतरत होते, ओळीने, जागा ठरलेली असल्यासारखे. "तुम्हालाही," ती म्हणाली.

ओवीचा नवरा कौस्तुभ मालवाहू जहाजावर होता. फोन तुटक लागला. तो म्हणाला, तुझे बाबा आहेत, तू ठरव. त्याने ते प्रेमाने म्हटलं. त्यानंतर कितीतरी दिवस ओवी मनातल्या मनात या वाक्याला उत्तर देत राहिली.

०

ती हो म्हणाली.

०

मुलगी झाली. साडेपाच पौंडांची, भरपूर केसांची, संतापलेली. शमिकाने काचेच्या नळीतून एक थेंब तिच्या जिभेवर सोडला. थेंब जरासा गढूळ होता, बाकी काहीच दिसण्यासारखं नव्हतं. मुलीने तोंड वाकडं केलं आणि गिळला.

दुसऱ्या दिवशी शमिकाने दारातूनच मान हलवली. बसला.

तिसऱ्या दिवशी हर्षदला सुई दिली. आठव्या दिवशी पाऊल कापलं. विसाव्या दिवशी तो कुबडीवर उभा राहिला. आता तो वाहक नव्हता. त्याला काहीही खायला, कुठेही जायला मोकळीक होती, आणि पहिल्याच दिवशी त्याने दोन बटाटेवडे खाल्ले आणि दिवसभर पोट धरून बसला. "रिकामी बरणी," तो म्हणाला. "खडखडतेय." कोणी लिहून घेतलं नाही.

मागचा पट्टा पिवळा झाला, पण पिकून. कापणीला वसाहतीतून साठ माणसं आली. आल्या आल्या ती आधी ओवीच्या खोलीशी येत, चपला बाहेर काढत, आणि पाळण्याकडे बघून हात जोडत. ओवीने पहिल्या दिवशी त्यांना सांगितलं, की हात जोडू नका, ती मुलगी आहे. एक म्हातारी म्हणाली, हो गो बाय, मुलगीच हाय. आणि हात जोडले.

त्याच आठवड्यात शमिकाचा हिशोब बदलला. समुद्र अंदाजापेक्षा वेगाने चढत होता, बांधातून झिरपणं वाढलं होतं. सात वर्षांत माती स्वतःच्या पायावर उभी राहणार नव्हती.

"मग किती?" ओवीने विचारलं.

"समुद्र चढतोय तोवर तरी."

"तो कधी थांबणार?"

शमिकाने हिशोबाचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

०

तलाठी आला तेव्हा ओवी सामान बांधत होती. कौस्तुभ पुढच्या महिन्यात येणार होता. निदान चार दिवस पनवेलला, स्वतःच्या घरी, असं तिने ठरवलं होतं. बांधाच्या आतलं पाणी बाटल्यांत भरलं होतं, तांदूळ पिशवीत.

तलाठी सौम्य माणूस होता. त्याने आधी हर्षदच्या पायाची चौकशी केली, पाळण्यात डोकावून च्यक् च्यक् केलं, मग सातबारा काढला. सावळदांड्याचा सातबारा चाळीस वर्षांनी पुन्हा जिवंत होत होता. बाराशे कुटुंबांची नावं त्यावर चढत होती, आणि तो ते सांगताना खरोखर आनंदात होता.

"तुमच्याकडे एकच नोंद राहिलीय," तो म्हणाला. "पुनरुज्जीवित जमिनींचा नवा कायदा आलाय. जिच्यावाचून जमीन पिकू शकत नाही अशी प्रत्येक गोष्ट जमिनीसोबत नोंदवायची. म्हणजे पुढे वाद नको."

"कसला वाद?"

"म्हणजे बघा, विहीर. शेत एकाला आणि विहीर दुसऱ्याला, असं होऊ नये. विहीर कोणी उचलून नेऊ नये." तो हसला. "म्हणून विहीर जमिनीकडे राहते. मालक बदलले तरी."

ओवीच्या हातात बाळाचं दुपटं होतं. ते तिने घडी घालून पिशवीत ठेवायच्या ऐवजी छातीशी धरलं.

"ती घरतांची आहे," ती म्हणाली. "वरती जिथे नावं आहेत, तिथे घाला तिचं नाव."

"वर भोगवटादार असतात, ताई. तिथे तुमच्या बाबांचं आहे की. ही इथे, खाली." त्याने बोटाने दाखवलं. विहिरी, बोअर, झाडं यांच्या ओळीखाली छापील फॉर्मवर एक नवी रेघ आखलेली होती. "देखभाल करणारी व्यक्ती म्हणून तुमचं नाव लागेल. त्याची काळजी करू नका."

हर्षद कोपऱ्यात बसला होता, कुबडी मांडीवर आडवी. त्याने मान वर केली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाहेर झोडणी चालू होती, भाताच्या पेंढ्या फळीवर आपटल्याचा आवाज येत होता, आणि कोणीतरी कोणाला तरी हसत शिवी देत होतं. चाळीस वर्षांत इतक्या माणसांच्या झोडणीचा आवाज त्याने ऐकला नव्हता. त्याने तोंड मिटलं.

"बारसं व्हायचंय अजून," ओवी म्हणाली. "नाव ठरलं नाही. नाव ठरल्यावर या."

"नावाची गरज नाही, ताई," तलाठी म्हणाला. पेनाचं टोपण त्याने आधीच काढलं होतं. "या ओळीत संख्या लिहायची असते."

आणि त्याने लिहिलं: १.